पासवर्ड बरोबर, तरी विंडोज आत घेत नाही: आधी ‘नेट यूजर’ वाचा

लक्षणे अशी दिसतात. रिसेप्शनवरचा किंवा बिलिंगचा संगणक सुरू होतो, खात्याचे नाव दिसते, पासवर्ड टाकला की नकार येतो. तोच पासवर्ड काल चालला होता. कुणीतरी नवा पासवर्ड लावून देतो, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. काही ठिकाणी सकाळी लॉगइन होते पण रात्रपाळीला होत नाही. काही ठिकाणी दर दीड महिन्याने अडते. गोव्यात आणखी एक ठरलेला हंगाम आहे: पावसाळ्यात बंद ठेवलेला गेस्ट हाऊसचा किंवा शॅकचा (किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळीचा) संगणक ऑक्टोबरात उघडला की पहिल्याच दिवशी रडतो. चवथीच्या सुट्टीनंतरही तशीच तक्रार येते, पण कमी प्रमाणात.

नकाराचे शब्द मात्र दर वेळी सारखे नसतात, आणि नेमके तेच कुणी वाचत नाही. ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा’, ‘पासवर्डची मुदत संपली, बदला’, ‘खात्याची मुदत संपली’, ‘खाते बंद केलेले आहे’, ‘खाते लॉक झालेले आहे’, ‘वेळेच्या बंधनामुळे आत्ता साइन-इन करता येत नाही’ हे सहा वेगळे रोग आहेत. फोनवर सांगताना सगळ्यांचे ‘पासवर्ड घेत नाही’ एवढेच होते. म्हणून पहिले काम म्हणजे त्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढणे.

पासवर्ड रीसेट करायची घाई करू नका. दुसऱ्याने बाहेरून पासवर्ड बदलला की त्या खात्यात विंडोजने सांकेतिक करून ठेवलेल्या फाइली आणि साठवलेले पासवर्ड हाती न लागण्याचा धोका असतो. खाते नुसते वाचले, म्हणजे कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत) ‘नेट यूजर’ ही आज्ञा देऊन त्याची माहिती पाहिली, तर काहीच बिघडत नाही.

कन्सोल उघडण्याआधी फुकटातल्या दोन गोष्टी

लॉगइनच्या पडद्यावर उजवीकडे खाली कीबोर्डची भाषा दिसते. एकाच संगणकावर मराठी, कोंकणी आणि इंग्रजी टायपिंग चालत असेल तर तिथे देवनागरी राहून गेलेली असते. पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच दिसत असल्याने ते कळत नाही. चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबून धरा म्हणजे काय टाइप झाले ते उघडे दिसेल.

घरचे कुणी लिस्बनला किंवा इंग्लंडात स्विंडनला असले की तिथून आलेला जुना लॅपटॉप इकडे दुकानात लागतो. कीबोर्डच्या पोर्तुगीज आणि ब्रिटिश या दोन्ही मांडण्यांत शिफ्ट धरून २ दाबले की ‘ॲट’चे चिन्ह न येता दुहेरी अवतरणचिन्ह येते. पासवर्डमध्ये ‘ॲट’ असेल (आणि तो असतोच) तर बरोबर टाइप करूनही चुकतो.

दुसरी गोष्ट पिनची. पिन आणि पासवर्ड ही दोन स्वतंत्र कुलुपे आहेत. पडद्यावर ‘साइन-इन ऑप्शन्स’ उघडून चौकट कोणाची आहे ते पाहा. खात्याचा पासवर्ड बदलला म्हणून पिन बदलत नाही, आणि पिन चुकला म्हणून पासवर्ड चुकीचा ठरत नाही.

खाते वाचणे

आता कन्सोल. त्यासाठी संगणकावर चालू असलेले एखादे ॲडमिनिस्ट्रेटर खाते लागते. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ लिहा, कमांड प्रॉम्प्टवर उजवी क्लिक करा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. नुसते वाचायला एवढ्या हक्कांची गरज बहुधा पडत नाही, पण पुढे दुरुस्ती करताना ‘सिस्टिम एरर ५’ म्हणजे प्रवेश नाकारला, हे उत्तर येऊ नये म्हणून आधीच तसे उघडलेले बरे. खिडक्यांमधून खाती दाखवणारे ‘लोकल यूजर्स अँड ग्रुप्स’ विंडोजच्या होम आवृत्तीत मिळत नाही आणि लहान धंद्यांत होमच जास्त असते. त्यामुळे कन्सोलला पर्याय नाही.

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करा. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरची. ‘रिसेप्शन’ हे उदाहरणाचे नाव आहे, तिथे तुमच्या खात्याचे नाव घाला.

आधी नुसते

नेट यूजर

लिहून एंटर दाबा. संगणकावरची सगळी खाती तीन स्तंभांत दिसतील. ही पायरी टाळू नका, कारण लॉगइनच्या पडद्यावर दिसते ते ‘फुल नेम’ असते, आणि आज्ञेला लागते ते खरे ‘यूजर नेम’. पडद्यावर ‘फ्रंट डेस्क’ असेल आणि खाते ‘रिसेप्शन’ असेल तर ‘फ्रंट डेस्क’ टाकल्यावर नाव सापडत नाही असा निरोप आणि २२२१ हा आकडा येतो. लोक घाबरून खाते उडाले असे समजतात. नावात मोकळी जागा असेल तर ते दुहेरी अवतरणात घाला. मायक्रोसॉफ्ट खात्याने, म्हणजे ईमेलने चालणारा संगणक असेल तर यादीत ईमेलची पहिली पाच अक्षरेच दिसतात, आणि अशा खात्याचा पासवर्ड कन्सोलवरून बदलायला जाऊ नका. तो मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच बदलायचा असतो.

मग एकेक खाते:

नेट यूजर रिसेप्शन

उत्तर पंचवीसेक ओळींचे येते. कामाच्या ओळी या:

यूजर नेम: रिसेप्शन
फुल नेम: फ्रंट डेस्क
अकाउंट ॲक्टिव्ह: येस
अकाउंट एक्स्पायर्स: नेव्हर
पासवर्ड लास्ट सेट: १२-०३-२०१९ ०९:४१
पासवर्ड एक्स्पायर्स: २३-०४-२०१९ ०९:४१
लॉगऑन अवर्स अलाउड: ऑल
लास्ट लॉगऑन: ...
लोकल ग्रुप मेंबरशिप्स: यूजर्स

वरच्या नमुन्यात रोग कुठे आहे? पासवर्ड कालच बदललेला आहे आणि नोंद मात्र २०१९ची. संगणकाला काल २०१९ साल वाटत होते. कुणी हाताने तारीख लावल्यावर घड्याळ सुधारले आणि त्याच क्षणी पासवर्ड कित्येक वर्षांचा जुना ठरला. दर दोन-चार दिवसांनी उलटणारी तक्रार बहुतेक वेळा हीच असते. पासवर्ड कितीही वेळा बदला, घड्याळ पुन्हा मागे गेले की नवी नोंदही जुनीच पडते. म्हणून ‘लास्ट सेट’ ही ओळ सर्वांत आधी वाचा. ती तुमच्या आठवणीशी जुळत नसेल तर खात्याला हात न लावता थेट घड्याळाच्या भागाकडे जा.

दोन्ही तारखांमधले अंतर मोजा: ४२ दिवस. विंडोजची स्थानिक खात्यांची मूळ मुदत एवढीच आहे. सेटिंग्जमधून बनवलेल्या खात्याला सहसा ‘नेव्हर’ असते, पण तंत्रज्ञाने कन्सोलवरून ‘नेट यूजर’ आणि ‘/ॲड’ वापरून भराभर खाती बनवून दिली असतील तर त्यांना ४२ दिवस लागू होतात. दर दीड महिन्याने अडणारा संगणक तो हाच. हा बिघाड नाही. लॉगइनच्या पडद्यावरच जुना पासवर्ड एकदा, नवा दोनदा टाकून काम होते. रिमोट डेस्कटॉपने दुरून बसणाऱ्याला मात्र ही सोय बहुधा मिळत नाही. त्याला संगणकापाशी यावे लागते.

मुदत सगळ्यांसाठी काय आहे ते ‘नेट अकाउंट्स’ या आज्ञेने दिसते. तिथे मॅक्सिमम पासवर्ड एज (पासवर्डची मुदत), लॉकआउट थ्रेशोल्ड (किती चुकांनंतर खाते लॉक होते) आणि लॉकआउट ड्युरेशन (किती वेळ लॉक राहते) वाचा. मुदत काढायची असेल तर ‘नेट अकाउंट्स /मॅक्सपीडब्ल्यूएज:अनलिमिटेड’, पण ती संगणकावरच्या सगळ्या खात्यांची जाते हे लक्षात ठेवून.

इथे एक घोटाळा जवळजवळ प्रत्येकाचा होतो. ‘नेट यूजर रिसेप्शन /एक्स्पायर्स:नेव्हर’ लिहिले, ‘यशस्वी’ असे उत्तर आले, सगळे खूश. आणि ४२ दिवसांनी पुन्हा तेच. या आज्ञेतले ‘एक्स्पायर्स’ खात्याची मुदत बदलते, पासवर्डची नाही. एकाच खात्याच्या पासवर्डची मुदत काढायला पॉवरशेल (विंडोजचाच दुसरा कन्सोल) उघडावे लागते आणि ‘सेट-लोकलयूजर’ या आज्ञेत ‘पासवर्डनेव्हरएक्स्पायर्स’ला ‘ट्रू’ द्यावे लागते (ट्रूच्या आधी डॉलरचे चिन्ह).

‘अकाउंट एक्स्पायर्स’ ही ओळ हंगामी कामगारांच्या खात्यांत महत्त्वाची. मे अखेर शॅक उतरतात, माणसे गावी जातात, म्हणून मालक ३१ मे ही तारीख घालून ठेवतो. पण विंडोज त्या दिवसाच्या आरंभी, म्हणजे मध्यरात्री १२ वाजताच दार लावते. शेवटचा कामाचा दिवस ३० मे ठरतो आणि ३१ला हिशेब मिटवायच्या वेळी बिलिंग अडते. तारीख नेहमी एक दिवस पुढची द्या. शिवाय संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर ०५-०६ म्हणजे ६ मे, आपल्या पद्धतीवर ५ जून. तारीख घातल्यावर पुन्हा ‘नेट यूजर रिसेप्शन’ करून १२पेक्षा मोठा आकडा कुठे बसतो ते पाहिले की पद्धत कळते.

‘अकाउंट ॲक्टिव्ह’समोर ‘नो’ असेल तर कुणीतरी मुद्दाम बंद केले आहे. ‘नेट यूजर रिसेप्शन /ॲक्टिव्ह:येस’ने उघडते, पण आधी कोणी आणि का बंद केले ते विचारा, काम सोडून गेलेल्याचे खाते परत जिवंत करण्यात शहाणपण नाही. त्याच जागी ‘लॉक्ड’ असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येतो.

‘लॉगऑन अवर्स’समोर ‘ऑल’ सोडून दिवस आणि तास दिसत असतील तर रात्रपाळीचे उत्तर सापडले. ‘नेट यूजर रिसेप्शन /टाइम्स:ऑल’ने बंधन निघते. ‘ऑल’ लिहायला विसरून कोलननंतर रिकामे सोडू नका. त्याचा अर्थ कधीच प्रवेश नाही असा होतो.

आणि ग्रुप. ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ ग्रुपात कोण आहे ते ‘नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स’ने पाहा. पोर्तुगालहून आलेल्या लॅपटॉपवर असा ग्रुपच नाही म्हणून १३७६ हा आकडा येतो, कारण तिथे त्याचे नाव ‘आदमिनिस्त्रादोरेस’ आहे. नुसते ‘नेट लोकलग्रुप’ लिहिले की खरी नावे दिसतात.

घड्याळ

‘डेट’ लिहून एंटर, मग ‘टाइम’ लिहून एंटर. तारीख चुकीची असेल तर तिथेच नवी मागते. कंसात दिलेल्या क्रमाने टाका. त्याआधी ‘टीझेडयूटिल /जी’ने टाइम झोन पाहा. ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ हवे. लिस्बनचा झोन तसाच ठेवून काटे हाताने पुढे केले असतील तर इंटरनेटशी मेळ झाला की वेळ हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे जाते आणि तासांचे बंधन असलेले खाते भलत्याच वेळी अडते.

झोन ठीक असेल तर ‘डब्ल्यू३२टीएम /रीसिंक’ चालवा. सेवा सुरू नाही असे उत्तर आले तर आधी ‘नेट स्टार्ट डब्ल्यू३२टाइम’. इथे एक खाच आहे. घरगुती किंवा दुकानातल्या संगणकाची वेळसेवा ५४,००० सेकंदांपेक्षा, म्हणजे १५ तासांपेक्षा जास्त फरक असेल तर स्वतःहून घड्याळ हलवत नाही. वर्षांनी मागे गेलेला संगणक इंटरनेटला जोडून बसवला तरी सुधारत नाही तो याचसाठी. आधी हाताने जवळपासची तारीख-वेळ लावा, मगच रीसिंक. त्यानंतर पासवर्ड एकदा नव्याने लावा, म्हणजे ‘लास्ट सेट’ची नोंद खऱ्या तारखेची होईल.

संगणक रात्री भिंतीच्या बटणावरून बंद करून सकाळी तारीख पुन्हा मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. बटण चालू असते तेव्हा घड्याळाला वीज पॉवर सप्लायकडून मिळते. पावसात विजा पडतात म्हणून आपण चार-चार महिने मेन बंद ठेवतो आणि तेवढा काळ तो बिचारा सेल एकटा ओढतो. त्यात किनाऱ्यावरची खारी दमट हवा सेलच्या पट्टीवर हिरवट थर चढवते, मग नवा सेल घालूनही तारीख टिकत नाही. पट्टी कोरड्या कापडाने घासून घ्या.

सेल सीआर-२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळजीच्या दुकानातही मिळतो. मल्टिमीटरवर २.८च्या खाली दाखवला की बदला. बदलण्याआधी ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ चालवून बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लावलेले सांकेतिक कुलूप) चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय सेल काढू नका, कारण मूळ सेटिंग्ज उडाल्यावर संगणक तीच मागू शकतो. मग केबल काढा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा, सेल बदला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) तारीख लावा. हे डेस्कटॉपचे झाले. लॅपटॉपमध्ये सेल बहुधा वायरने जोडलेला आणि आत दडलेला असतो, तो तंत्रज्ञाकडे द्या.

पुन्हा पुन्हा लॉक होणारे खाते

‘अकाउंट ॲक्टिव्ह’समोर ‘लॉक्ड’. विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकावर १० चुका झाल्या की १० मिनिटे खाते लॉक होते. ‘नेट अकाउंट्स’मध्ये तुमचे आकडे दिसतील. थांबून राहिले तरी उघडते. घाई असेल तर ‘/ॲक्टिव्ह:येस’ने लगेच.

पण दहा चुका कुणी केल्या? काउंटरवरच्या मुलीने दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकला असेल असे नाही. बहुतेक वेळा किचनचा किंवा मागच्या ऑफिसचा दुसरा संगणक रिसेप्शनचे शेअर केलेले फोल्डर जुन्या साठवलेल्या पासवर्डने उघडू पाहत असतो, तेही दिवसभर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) सिक्युरिटीच्या नोंदींत ४७४० हा क्रमांक शोधा. त्यात ‘कॉलर कम्प्युटर नेम’समोर गुन्हेगाराचे नाव असते. त्या संगणकावर, साध्या कन्सोलमध्ये, ‘सीएमडीकी /लिस्ट’ चालवा. जुनी नोंद दिसली की ‘सीएमडीकी /डिलीट:’ आणि त्या नोंदीचे नाव. मग नव्या पासवर्डने जोडा.

ते नाव तुमच्या एकाही संगणकाचे नसेल, किंवा ४६२५ या क्रमांकाच्या नोंदी मिनिटागणिक आणि अनोळखी आयपी पत्त्यांवरून येत असतील, तर कुणीतरी बाहेरून दार ठोकत आहे. राउटरवर ३३८९ हा पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचे दार) उघडा टाकून रिमोट डेस्कटॉप चालवले की हेच होते. राउटरची इंटरनेटची केबल काढा आणि जाणकाराला बोलवा. लॉकची मर्यादा वाढवून स्वस्थता मिळवू नका.

इथे थांबा

लॉगइन झाले पण डेस्कटॉप कोरा, फाइली गायब? ‘इको’ आणि पुढे टक्केचिन्हांत ‘यूजरप्रोफाइल’ लिहा. उत्तराच्या शेवटी ‘टेम्प’ आले तर विंडोजने तात्पुरते प्रोफाइल (खात्याचा डेस्कटॉप, फाइली आणि सेटिंग्ज) उघडले आहे. अचानक वीज जाऊन मूळ प्रोफाइल बिघडले की असे होते. जुन्या फाइली बहुधा ‘यूजर्स’ फोल्डरात तशाच असतात. त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवा, तात्पुरत्या डेस्कटॉपवर काहीही सेव्ह करू नका (लॉगऑफ होताच ते जाते), आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) स्वतः शिरू नका.

एकही ॲडमिनिस्ट्रेटर खाते उघडत नसेल, बिटलॉकरची की नसेल, किंवा डिस्क खडखड करत असेल तरीही थांबा. व्हिडिओत दाखवतात ती लॉगइनच्या पडद्यावरचे सुलभतेचे बटण बदलून आत घुसण्याची युक्ती बिटलॉकरपुढे चालत नाही, विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर तिला आता पकडतो, आणि संगणक दुसऱ्याचा असेल तर २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमे आहेतच. सरकारी कार्यालयातला किंवा मोठ्या कंपनीच्या डोमेनवरचा (जिथे सगळी खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवरून चालतात) संगणक असेल तर तुमच्या हातात ‘नेट यूजर’, नाव आणि ‘/डोमेन’ एवढे वाचणेच आहे; दुरुस्ती त्यांच्या आयटी विभागाची.

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी नकाराच्या संदेशाचा फोटो, ‘नेट यूजर रिसेप्शन’च्या पूर्ण उत्तराचा फोटो, ‘नेट अकाउंट्स’चा फोटो आणि कन्सोलने त्या क्षणी दाखवलेली तारीख, एवढे व्हॉट्सॲपवर पाठवा. या उत्तरांत पासवर्ड कुठेच दिसत नाही, त्यामुळे पाठवायला हरकत नाही. बिटलॉकरची की मात्र पाठवू नका. तंत्रज्ञ आल्यावर त्याच्यासमोर बसून ती तुम्हीच टाका.